पायरीवरचा पाय

रेल्वेचं वेळापत्रक कोण आखतं आणि बसचं कोण, ते मला ठाऊक नाही. पण बांधावरून भांडलेल्या भावांसारखे ते दोघे एकमेकांचं तोंड बघत नसावेत, एवढं नक्की. मी पालघरला एका सरकारी कचेरीत कारकून आहे आणि घर अर्नाळ्याच्या अलीकडे, वाडीत. संध्याकाळची आमची गाडी विरारला लागायची वेळ आणि स्टेशनबाहेरून अर्नाळ्याची बस सुटायची वेळ, यांत कागदावर चार मिनिटं होती. तेवढ्यात गाडीतून उतरायचं, पूल चढायचा, पूल उतरायचा, फळवाल्यांच्या गाड्यांमधून वाट काढायची आणि बस गाठायची. तीही गाडी वेळेवर आली तर. पुढची बस पाऊण तासाने. मला पाऊण तास म्हणजे फार तर गार चहा आणि बायकोची बोलणी. पण आमच्यातल्या एकीला पाऊण तास म्हणजे चुकलेली होडी, आणि होडी चुकली की त्या रात्री घर नाही.

म्हणून आमच्या बसला एक रीत पडली होती. पुलाच्या जिन्यासमोर जो डबा येतो त्यात बसणाऱ्या एकाने पळत पुढे जायचं, बस गाठायची आणि आत न शिरता दारात उभं राहायचं. एक पाय जमिनीवर, एक पाय पायरीवर. पायरीवर पाय असेपर्यंत कंडक्टर घंटी मारत नाही. हा काही कुठल्या पुस्तकात लिहिलेला नियम नव्हे, पण तो मोडल्याचं मी कधी बघितलं नव्हतं. कंडक्टर कटकट करायचा, ड्रायव्हर इंजिन गुरगुरवायचा, आतले बसलेले लोक "चला हो, किती वेळ" म्हणायचे. पाय मात्र पायरीवरच. मागचे सगळे आले की पाय आत घ्यायचा आणि मग घंटी.

हे काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. मला कुणी नेमलं नव्हतं. मी सडपातळ, पळायला बरा, आणि दुसऱ्यांच्या शिव्या ऐकून घ्यायची कचेरीत चांगली सवय झालेली. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा माज होता. कचेरीत माझ्या शब्दाला कुणी विचारत नाही. इथे माझ्या एका चपलेसाठी अख्खी बस थांबायची.

सगळ्यात शेवटी यायची ती मावशी. अर्नाळ्याच्या किल्ल्यावरची, म्हणजे किनाऱ्यासमोरच्या बेटावर राहणारी. सफाळ्याच्या बाजारात सुकी मासळी विकायची. सकाळी पहिल्या होडीने किनाऱ्यावर, तिथून बसने विरार, विरारहून गाडीने सफाळे, आणि संध्याकाळी तोच सगळा प्रवास उलटा. टोपली घेऊन मालडब्यात बसायची, आणि मालडबा पुलापासून पार लांब लागायचा. त्यात तिचे गुडघे गेलेले. जिना ती एकेक पायरी दोन्ही पायांनी चढायची. सगळे येऊन बसले तरी ती पुलाच्या मध्यावर असायची, आणि मी पायरीवर पाय ठेवून लोकांचे टोमणे खात उभा.

आली की पहिलं काम म्हणजे मलाच ओरडायची. "काय उबा राहिलास झाडासारखा, टोपली धर." पन्नाशीच्या माणसाला 'पोरा' म्हणणारी ती एकटीच. तिचा तो तोरा बघून कंडक्टरने तिचं नाव 'तुमची सासू' ठेवलं होतं. "सासू आली काय तुमची? सोडू का?" असं तो रोज विचारायचा आणि बस हसायची. मीही हसायचो. आमच्या घरी तिचा जवळा आणि बोंबील यायचे, तिच्या घरी आमच्या वाडीतली केळी आणि अळू जायचं. तिच्या नवऱ्याला मी कधी पाहिलं नव्हतं, पण तो रोज संध्याकाळी होडीच्या वेळेला बेटाच्या किनाऱ्यावर येऊन उभा राहतो आणि टोपली उतरवून घेतो, हे तिने शंभर वेळा सांगितलं होतं.

आता तो दिवस.

सकाळच्या बसमध्ये मी चढताच ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "पोरा, आज गाडी चुकून चालायची नाय. म्हाताऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पट्टी हाय. मी सांगितलंय, घरातनं हलू नको. पन तो ऐकायचा नाय. होडी आली आनी मी नाय दिसली तर तो खाली पान्यापर्यंत येईल." मी म्हटलं, "मावशी, कधी चुकलीय का गाडी?" ती म्हणाली, "तू हायस म्हनून." हे असं कौतुक तिच्या तोंडून क्वचित निघायचं, आणि मी ते खुशाल घेतलं.

त्याच दिवशी माझ्या मुलीसाठी आलेल्या स्थळाचे वडील पालघरला कामाला आले होते. घाटावरची मंडळी. मुलाची नोकरी चांगली, वसईला नव्या इमारतीत स्वतःचा फ्लॅट. दुपारी त्यांचा फोन आला, "तुमच्याबरोबरच येतो, घर बघू, चहा घेऊ." मी बायकोला कळवलं. तिने एका दमात दहा सूचना दिल्या. कुठले पडदे काढायचे ते ती बघणार होती, पण मी अमुक बोलायचं नाही, तमुक बोलायचं नाही, आणि मुख्य म्हणजे घाई-गडबड, आरडाओरडा करायचा नाही. "तुमचा तो बसवाला तमाशा आज नको," असं ती शेवटी म्हणालीच. तिला मुद्दाम दोष देतोय असं वाटू नये. पुढे जे झालं ते माझं एकट्याचं आहे.

गाडीत पाहुण्यांना मी जागा मिळवून दिली. ते मोकळे गृहस्थ होते, पण मीच आखडलो होतो. आमच्या वाडीचं, विहिरीचं, चुलत्यांच्या वाटण्यांचं बोलताना मी जरा जपूनच बोलत होतो. सफाळ्याला गाडी थांबली. मावशी मालडब्यात चढताना रोज मागे वळून माझ्या दाराकडे हात करायची, मीही करायचो. त्या दिवशीही तिने केला. मला दिसला. मी पाहुण्यांना खाडीपलीकडचा डोंगर दाखवू लागलो.

विरारला गाडी तीन-चार मिनिटं उशिरा आली. सवयीने मी पळालो. पाहुणेही हसत हसत माझ्यामागे पळाले, त्यांना त्याचं काही वाटलं नाही. बस उभी होती. पाहुणे आत गेले, जागा धरून बसले. माझा पाय पायरीवर गेला, तोही सवयीनेच. मंडळी येत गेली, चढत गेली. पूल रिकामा होत आला. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. कंडक्टरने मान बाहेर काढली आणि रोजच्याच आवाजात, म्हणजे अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं, विचारलं, "काय साहेब, सासूबाई मासळीची टोपली घेऊन येतायत ना तुमच्या? का सोडू?"

बस हसली. पाहुण्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

रोजची थट्टा, रोजचे लोक, पण त्या क्षणी मला ती सहन झाली नाही. या माणसाच्या डोळ्यांत आपण कसे दिसत असू, दारात लोंबकळणारा, कुणीही टपली मारावी असा इसम, एवढंच डोक्यात आलं. मी म्हणालो, "कोण सासू? काय तरी बोलू नका. सोडा गाडी."

आणि पाय आत घेतला.

कंडक्टरने एकदा पुलाकडे बघितलं. मग त्याने घंटी मारली.

पाहुणे म्हणाले, "तुम्ही आत सरका, मला पाय लांब करायला लागतात." म्हणून मी खिडकीशी गेलो. बस वळली तेव्हा मावशी जिन्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर होती. डोक्यावर टोपली, एका हाताने कठडा धरलेला. तिने दुसरा हात वर केला. ओरडली नाही. बससाठी ती कधीच ओरडत नसे, कारण गाडी थांबणार हे तिला माहीत असायचं. मी मांडीवरच्या पिशवीचा बंद सोडला आणि पुन्हा बांधला.

"अहो, ती बाई राहिली की," पाहुणे म्हणाले.

"येईल मागच्या बसने."

"थांबलो असतो की दोन मिनिटं. कुठे आग लागली होती?"

ज्यांच्यासाठी मी ते केलं त्यांना त्याची गरजच नव्हती. हे मला वाटेतलं आगाशी गाव यायच्या आतच कळलं. तिथे उतरून उलट रिक्षा केली असती तरी चाललं असतं. मी ते मनात आणलं आणि पाहुण्यांना तळं दाखवलं.

घरी सगळं छान झालं. बायकोने पोहे केले होते, आमच्याकडची सुकेळी काढली होती. वाळवलेलं केळं इतकं गोड लागतं हे पाहुण्यांना माहीत नव्हतं, त्यांनी चार खाल्ली. मुलीशी ते अगदी घरच्यासारखं बोलले. मी मधूनमधून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. बायकोला वाटलं पाहुण्यांच्या परतीच्या बसची काळजी करतोय. मी बघत होतो ते होडीची वेळ होऊन गेली का ते. गेली. मी स्वतःची समजूत घातली की तिला रिक्षा मिळाली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसला मावशी नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी कंडक्टरने मला सगळं सांगितलं. त्याला अर्नाळ्याच्या नाक्यावर होडीवाल्याकडून कळलं होतं. त्या दिवशी ती रिक्षा स्टँडवर गेली, पण मासळीची टोपली बघून एकही रिक्षावाला तिला बसवून घेईना. वास बसतो म्हणे. मग ती पाऊण तास थांबून पुढच्या बसने आली. किनाऱ्यावर पोचली तेव्हा शेवटची होडी पलीकडे जाऊन लागलीही होती. आणि पलीकडे, तिने सांगितलं होतं तसंच झालं. म्हातारा एका डोळ्याला पट्टी असताना काठी टेकत खाली आला. होडीतून सगळे उतरले, ही उतरली नाही. होडीवाल्याला विचारायला तो पाण्यापर्यंत गेला आणि शेवाळलेल्या दगडावरून घसरला. खुबा मोडला.

"दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला खाटेवर घालून होडीतून आणला म्हणे दवाखान्यात," कंडक्टर म्हणाला. मग, माझ्याकडे न बघता, "साहेब, घंटी मी मारली ना. मला माहीत होतं ती राहिलीय. मी मारायला नको होती."

तेव्हा मी म्हणायला हवं होतं की बाबा, तू नाहीस, मी सांगितलं म्हणून मारलीस. मी म्हणालो, "चालायचंच. कुणाला काय ठाऊक असतं." त्याच्या डोक्यावरचा भार मला उचलता आला असता. मी तो तिथेच राहू दिला आणि तिकीट घेऊन बसलो.

मावशी सफाळ्याला जायची थांबली. म्हाताऱ्याला उठता-बसता येत नव्हतं, त्याला सोडून दिवसभर जाणार कोण? तिची बाजारातली जागा दुसरीने घेतली. मी रोज पळत जाऊन पायरीवर पाय ठेवत होतो, सगळे लवकरच येत होते, कारण सगळ्यांत मागून येणारं आता कुणी नव्हतं. कंडक्टरने थट्टा करणं सोडून दिलं.

मग मी एक अर्ज लिहिला. कारकुनाला पश्चात्ताप झाला की तो अर्ज लिहितो, दुसरं त्याला येत नाही. गाडीची वेळ आणि बसची वेळ यांचा मेळ घालावा, बस दहा मिनिटं उशिरा सोडावी, बेटावरच्या प्रवाशांची शेवटची होडी चुकते, विनंती, सविनय, वगैरे. सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि दोन-चार ठिकाणी पाठवला. अशा अर्जांचं काय होतं हे मला आतून माहीत असल्यामुळे माझी काही अपेक्षा नव्हती. पण बदललं. सहा-सात महिन्यांनी बस खरोखरच दहा मिनिटं उशिरा सुटू लागली. माझ्या अर्जाने की आणखी कशाने, देव जाणे. बसमध्ये लोकांनी पेढे वाटले आणि पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला. एकजण म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून." तो पेढा मी खाल्ला.

मुलीचं लग्न त्याच घरात ठरलं. पत्रिका छापून आल्या तशी बायको यादी घेऊन बसली आणि म्हणाली, "किल्ल्यावरच्या मावशीला पत्रिका द्यायला हवी. इतकी वर्षं तिच्या हातचं सुकं खाल्लं, आणि तिच्या माणसाला बघायला तुम्ही एकदा गेला नाहीत. माणसं काय म्हणतील?" माणसं काय म्हणतील याचीच तर सगळी गोष्ट होती. रविवारी सकाळी मी केळीचा घड घेऊन होडीत बसलो.

होडी पलीकडे जायला फार वेळ लागत नाही. तेवढ्यात मी काय बोलायचं ते चार वेळा घोकलं. मावशी, त्या दिवशी मी बसमध्ये होतो. तू पुलावर आहेस हे मला माहीत होतं. मीच म्हणालो, सोडा गाडी. तीन वाक्यं. ती पाठ झाली होती.

घर सापडायला त्रास झाला नाही. दाराशी खाटेवर म्हातारा बसला होता, पाय चादरीखाली. अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत होते. मावशी आतून आली, मला बघून थांबली, पदराला हात पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "हाच तो. बसचा."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. "तुज्यामुळं माजी बाई रोज टायमात घरी यायची. मी सगळ्यांना सांगतो, कोन कुठला मानूस, पन हिच्यासाटी बस धरतो." मग मान हलवत म्हणाला, "त्याच दिवशी नेमका तू रजेवर. हिनं सांगितलं मला. नशीब म्हनायचं, दुसरं काय. तू असतास तर बस हलली नसती."

मी मावशीकडे बघितलं. ती चुलीकडे वळली होती. तिला खरंच तसं वाटतंय, सकाळी भेटलो तरी दुपारीच मी रजा टाकून गेलो आणि म्हणून बस सुटली असं तिने धरलंय, असं माझ्या मनाने झटकन ठरवलं. सुटकेचा दरवाजा कुणी आयता उघडा ठेवावा तसं झालं. माझी तीन वाक्यं कुठे गेली कळलंही नाही.

"हो," मी म्हणालो. "रजेवर होतो." आणि कारकून तो कारकूनच, रजा म्हटली की कारण जोडल्याशिवाय राहवत नाही, म्हणून म्हणालो, "ताप होता."

"तेच मी म्हनलो," म्हातारा समाधानाने बोलला. "काय तरी असल्याशिवाय तो खाडा करनार नाय."

चहा झाला. मी पत्रिका दिली. म्हाताऱ्याने ती डोळ्यांजवळ नेऊन मुलीचं आणि जावयाचं नाव वाचलं, दोघांना आशीर्वाद दिला. परतीच्या होडीची वेळ झाली तशी मावशी मला पोचवायला निघाली. मी म्हटलं, कशाला गुडघ्यांना त्रास, पण ती आलीच. किनाऱ्यावर आलो. होडी लागलेली होती, लोक चढत होते.

"तू खिडकीत होतास," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"मी बगितलं तुला. तू पन मला बगितलंस. म्हाताऱ्याला रजेचं मीच सांगितलं. पडून हाय बिचारा, त्याचा तुज्यावर भरोसा, तो कशाला मोडू? मला वाटलेलं, तू कधी तरी येशील आनी खरं बोलशील. मग मी त्याला सांगनार होते, जाऊ दे, होतं मानसाकडून. तोही तेच म्हनला असता." तिने पाण्याकडे बघितलं. "आज तू आलास. आनी तू तर ताप पन घेऊन आलास."

होडीवाल्याने हाक मारली. मागे वळून बघितलं तर घर तिथून दिसत होतं, दाराशी खाट दिसत होती. म्हातारा आमच्याच दिशेने तोंड करून बसला होता. दोन मिनिटांची वाट. तेव्हाही जाता आलं असतं.

मी होडीत चढलो.